घरघरणाऱ्या मुलांना जिवाणूंच्या कॅप्सूल द्याव्यात का?

चेंबूरकर: माझ्या मते द्याव्यात, आणि डॉक्टरांनी त्या लिहून द्यायला इतकं बिचकू नये. ओएम-८५ या कॅप्सूलमध्ये श्वसनमार्गात सापडणाऱ्या जिवाणूंच्या २१ वाणांचा अर्क असतो, जिवंत काहीच नसतं. तो आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींना चेतवतो आणि नको तिथे भडकणाऱ्या प्रतिसादाला, म्हणजे ॲलर्जीला, लगाम घालणाऱ्या टी-पेशी वाढवतो, असं मानलं जातं. २०१० च्या तुर्कस्तानातल्या चाचणीत १ ते ६ वर्षांच्या ७५ मुलांमध्ये घरघरीचे झटके सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झाले. दर पावसाळ्यात नेब्युलायझर घेऊन रात्र जागणाऱ्या आईबापांना हे थोडं वाटेल का?

मुलुंडची आई: ७५ मुलांवरून सगळ्या मुंबईला गोळ्या वाटायच्या? त्या वयात घरघर बहुतेक वेळा सर्दीच्या विषाणूंमुळे उठते. सर्दी कमी झाली की घरघरही कमी होणार, पण त्यामुळे ॲलर्जी हटली असं होत नाही. बीसीजीचंच घ्या, क्षयाची ही लसही जिवाणूंचीच. १९९७ मध्ये जपानी संशोधकांना ट्युबरक्युलिन चाचणीला (क्षयाच्या जंतूंची शरीराला ओळख आहे का ते पाहणारी त्वचेवरची चाचणी) जोरदार प्रतिसाद देणाऱ्या मुलांत ॲलर्जी कमी आढळली, आणि केवढी आशा वाटली! आपल्याकडे तर बीसीजी बाळाला जन्मतःच टोचतात. तरी आमच्या इमारतीत मजल्यागणिक एखादं मूल दम्याच्या पंपावर आहे.

चेंबूरकर: बीसीजी एकदाच देतात. हा अर्क महिन्यातून दहा दिवस, असे तीन महिने देतात. दोन्ही एका मापाने कसे मोजता? आणि विषाणूमुळे होणारी घरघर कमी होणं हाही फायदाच की. पुन्हा पुन्हा स्टेरॉइडचा कोर्स तरी टळतो.

मुलुंडची आई: टळला तर आनंदच आहे. पण २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी जिवाणूंच्या अर्काच्या या औषधांचा वापर वारंवार होणारे श्वसनसंसर्ग टाळण्यापुरताच ठेवायला सांगितलं आणि कंपन्यांकडे नव्या चाचण्या मागितल्या. दम्यावरचा उपचार म्हणून नाही! मला खरी धास्ती वेगळीच आहे. कॅप्सूल सुरू झाली की घरचे रोजचा प्रिव्हेंटर पंप (झटका येऊच नये म्हणून घ्यायचा) बंद करतात, "सवय लागेल" म्हणून. मग मूल मध्यरात्री कॅज्युअल्टीत.

गोवंडी_शिक्षक: ताईंशी सहमत. आमच्या वर्गातली मुलं झुरळं, ओल्या भिंतींवरची बुरशी आणि बांधकामाची धूळ यांत राहतात. खर्च करायचाच असेल तर आधी पंप आणि स्पेसरवर (पंपाला जोडायच्या नळीवर) करा, आणि स्पेसर कसा वापरायचा ते आईला समोर बसवून दाखवा.

चेंबूरकर: पंप बंद करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पंपासोबत द्या, एवढंच म्हणतोय. त्यावर बोला.