भूतान-ब्रिटन संबंध १८६५ च्याही आधीचे

भूतान आणि ब्रिटिशांचा संबंध १८६५ च्या सिंचुला तहापासून सुरू झाला, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. त्या तहात भूतानच्या हातून दुआरचा, म्हणजे डोंगरपायथ्याचा सुपीक पट्टा गेला आणि बदल्यात ब्रिटिशांनी भूतानला वर्षाला ५० हजार रुपये द्यायचं ठरलं (१९१० च्या पुनाखा तहात त्याचे एक लाख झाले), हे खरंच. पण त्याआधी ९१ वर्षं, १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वॉरन हेस्टिंग्जने कंपनीचाच अधिकारी जॉर्ज बोगल याला भूतानमार्गे तिबेटला धाडलं होतं. सोबत बटाटे दिले होते आणि प्रत्येक मुक्कामी थोडे लावत जा, असं बजावलं होतं.

थिंपूत मी केवा दात्शी खाल्ली, म्हणजे चीजमध्ये शिजवलेला बटाटा, वर हिरवी मिरची. बोगलची ती पेरणी मला तहांइतकीच महत्त्वाची वाटते.