पाहुणा ब्लूजवाला आणि तिथलाच बँड: याला जुगाड म्हणू नका

शफलवेडी:
मंद्रसप्तक यांनी काल लिहिलं की बाहेरून आलेला ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) कलाकार स्थानिक बँडला साथीला घेऊन वाजवणार असेल तर तिकीट काढूच नये, कारण तो आयोजकांचा पैसे वाचवण्याचा जुगाड असतो. वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

शिकागोचा ब्लूज गायक-गिटारवाला मडी वॉटर्स १९५८ साली इंग्लंडला गेला तेव्हा त्याच्याबरोबर पियानोला ओटिस स्पॅन होता. बाकी साथ तिथल्याच ख्रिस बार्बरच्या जॅझ बँडची. त्याच बार्बरने आदल्या वर्षी अमेरिकन गायिका सिस्टर रोझेटा थार्पला साथ केली होती, पुढे १९६४ मध्ये ब्लूज गायक हाउलिन वुल्फलाही. डिसेंबर १९६३ मध्ये माउथऑर्गनवाला सनी बॉय विल्यमसन यार्डबर्ड्स या इंग्लिश बँडबरोबर वाजला, तेव्हा त्यांचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन १८ वर्षांचा होता. रेकॉर्ड ऐकून सूर उचलता येतात. गायकाचा श्वास कुठे संपतो आणि आपण कुठे गप्प बसायचं, हे त्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ही परंपरा आहे, काटकसर नव्हे.

मंद्रसप्तक:
मोठी नावं वेचून काढलीत. मी जे ऐकलंय ते सांगतो. पाहुणा वयस्कर, संथ शफल (झुलता ठेका), आवाजात अजून धार. दुसऱ्याच कडव्यात स्थानिक गिटारवाला शब्दांवरून लीड (एकट्याची पुढे येणारी सुरावट) वाजवत सुटला. प्रत्येक ओळीनंतर जी मोकळी जागा गायक स्वतःच्या गिटारसाठी ठेवत होता, ती सगळी याने भरून टाकली. शेवटी पाहुणा माइकपासून मागे सरकला आणि त्याचं संपायची वाट बघत राहिला. मी तिकीट कुणासाठी काढलं होतं?

आणि १९५८ च्या त्या दौऱ्यावर टीकाही झाली होती, ते सोयीस्करपणे गाळलंत.

शफलवेडी:
टीका मडीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजावर झाली, बार्बरच्या बँडवर नाही. त्याआधी ब्लूज गायक बिग बिल ब्रून्झी अकूस्टिक (बिनविजेची) गिटार वाजवून गेला होता, लोक तेच ऐकायला आले होते. त्यात साथीदारांचा काय दोष?

ड्रमच्या_मागून:
तुम्ही दोघंही श्रोत्यांच्या खुर्चीतून बोलताय. आमच्या बँडने अशी साथ केली आहे. पाहुणा साउंडचेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला) आलाच नाही. स्टेजवर चढता चढता म्हणाला, "ट्वेल्व्ह बार, ए मध्ये." म्हणजे ए सुरात, बारा बारचं (ठेक्याच्या आवर्तनांचं) ठरलेलं चक्र, ज्यात कॉर्ड ठरलेल्या बारला बदलते. पहिल्याच गाण्यात कधी अकरा बार, कधी साडेतेरा. बेस चौथ्या सुराच्या कॉर्डवर गेला की हा अजून पहिल्याच कॉर्डवर. आणि भर कार्यक्रमात वळून डोळे कुणावर वटारले? माझ्यावर! पोस्टरवर आमचं नावसुद्धा नव्हतं. स्थानिक बँडला नावं ठेवण्याआधी पाहुण्यांना बारापर्यंत मोजायला सांगा.

चौथी_तार:
बारा म्हणजे बाराच हवे असतील तर मशीन लावा. ब्लूज गायक जॉन ली हूकर १९४८ मध्ये एकटाच गिटार आणि पायाचा ठेका घेऊन रेकॉर्ड करत होता, आणि त्याची ओळ संपेल तेव्हाच कॉर्ड बदलायची. टेक्ससच्या लाइटनिन हॉपकिन्सचंही तेच. १९६४ च्या इंग्लंड दौऱ्यात ग्राउंडहॉग्ज या तिथल्याच बँडने हूकरला साथ केलीच ना? मी बेस वाजवतो. अशा वेळी मी मूळ सुरावर थांबतो आणि गायकाचा डावा हात बघत राहतो. कॉर्ड बदलण्याआधी तो हात सरकतो. तेवढ्यात ड्रमवाल्याने सवयीने बाराव्या बारला फिल (ड्रमचा भराव) टाकला की सगळं कोसळतं.

ड्रमच्या_मागून:
म्हणजे खापर पुन्हा माझ्यावरच. हूकर हूकर होता. मोजायचा कंटाळा करणारा प्रत्येक जण हूकर होत नाही. ब्लूजचा नावाजलेला गिटारवाला बी. बी. किंग, त्याचा बँड काटेकोर वाजायचा, तो काय कमी ब्लूज होता? ज्याला जमत नाही त्याच्या चुकीला तुम्ही शैली म्हणता.

चौथी_तार:
"जमत नाही" हा शब्द मागे घ्या. ज्या परंपरेत माणूस एकटा बसून गात आला, तिथे कॉर्ड शब्दांची वाट बघते. १९७० मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत हाउलिन वुल्फच्या साथीला क्लॅप्टन आणि रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन, चार्ली वॉट्स होते. एका गाण्याची सुरुवात त्यांना पकडता येईना, तर वुल्फने स्वतः गिटार घेऊन शिकवलं. तो संवाद रेकॉर्डवर आहे. एवढ्या नावाजलेल्या लोकांना विचारायची लाज वाटली नाही. तुम्ही विचारलंत?

ड्रमच्या_मागून:
कधी विचारणार? तो आलाच नव्हता साउंडचेकला! वाचता तरी का नीट?

मंद्रसप्तक:
इथे मी ड्रमवाल्यांच्या बाजूने. अर्धा तास न देणाऱ्या पाहुण्याला साथीदारांवर डोळे वटारायचा हक्क नाही. आणि शफलवेडी, बँड ऐकून वाजवणारा असेल तर तिकीट काढीन, एवढं मान्य. पण लीड गिटारवाल्याचा आवाज आधी कमी करा.

ड्रमच्या_मागून:
चौथी_तार, डावा हात बघा म्हणणं सोपं आहे. गायक पुढे उभा, मला त्याची पाठ दिसते.

चौथी_तार:
हे बरोबर. म्हणून बेसवाल्याने हाय-हॅटला (ड्रमच्या जोडझांजेला) लागून उभं राहायचं. तिथून गायकाचा हातही दिसतो आणि ड्रमवाल्याला माझ्या मानेचा इशाराही.

ड्रमच्या_मागून:
आमचा बेसवाला त्या दिवशी पार दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या अँपसमोर होता. पुढच्या वेळी त्याला इकडे ओढतो. पण पोस्टरवर नाव का नव्हतं, यावर अजून कुणीच बोललेलं नाही.