समाज कोता नाही, हिशेब कच्चा आहे: क्राउडफंडिंगवरच्या पोस्टला उत्तर

हिशेबनीस
परवा या फोरमवर क्राउडफंडिंगबद्दल, म्हणजे वेबसाइटवरून अनेकांकडून थोडे थोडे पैसे जमवण्याबद्दल, एक पोस्ट आली. थोडक्यात अशी: 'बडोद्यात कलेसाठी क्राउडफंडिंग चालायचं नाही. सयाजीराव महाराज होते तोवर आश्रय होता, आता आपला मराठी माणूस नाटकाचेसुद्धा पास मागतो. इथल्या जुन्या तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांवर पुस्तक काढायला २ लाख मागितले, ३० दिवसांत निम्मेही जमले नाहीत. समाजच कोता.'

वाचून चीड आली म्हणून सविस्तर लिहितोय. २ लाख हा आकडा आला कुठून? पोस्टमध्ये कसलीच फोड नाही. असं पुस्तक म्हणजे १२० पानं, रंगीत, आर्ट पेपर, ५०० प्रती. छपाई आणि बांधणी प्रतीला ३२० रुपये धरा, १ लाख ६० हजार. फोटो, रंगदुरुस्ती, मांडणी, मुद्रितशोधन ७० हजार. ४०० प्रती टपालानं जाणार. खोकं, बबल रॅप आणि टपालखर्च मिळून प्रतीला १०० धरले की ४० हजार. झाले २ लाख ७० हजार. वर १० टक्के अडीअडचणीला, कारण कोटेशन घेतल्यापासून छापेपर्यंत कागदाचा भाव बदलतो आणि कोपरे चेपलेल्या प्रती बदलून द्याव्या लागतात. म्हणजे २ लाख ९७ हजार प्रत्यक्ष हातात पडायला हवेत.

मेख पुढे आहे. वेबसाइटचं आणि पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचं) शुल्क मिळून १० टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११.८ टक्के धरा. लोक २ लाख ९७ हजारांवर ११.८ टक्के चढवतात आणि ३ लाख ३२ हजार मागतात. पण कापणी होते जमलेल्या एकूण रकमेवर. हातात येतात २ लाख ९२ हजार ८००. चार हजार कमी पडले. शुल्क वर चढवायचं नसतं. लागणाऱ्या रकमेला ०.८८२ ने भागायचं असतं. उत्तर येतं ३ लाख ३७ हजार. त्या गृहस्थांनी मागितलेले २ लाख पूर्ण जमले असते तरी पुस्तक निघालं नसतं.

माणशी सरासरी १००० धरले तर ३३७ माणसं हवीत. पान उघडणाऱ्या शंभरातले तिघे पैसे देतात असं धरा, तर सव्वाअकरा हजार लोकांनी पान उघडायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ च्या वर नावं बसत नाहीत, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही. तेव्हा 'सगळीकडे फिरवलं' म्हणण्यात अर्थ नाही. मोहीम उघडण्याच्या दीड महिना आधी शंभर-सव्वाशे माणसांना एकेक करून फोन करायचा, 'पहिल्या दिवशी देणार का, किती?' असं स्पष्ट विचारायचं आणि वहीत लिहायचं. उद्दिष्टाचा तिसरा हिस्सा वहीत दिसत नसेल तर तारीख पुढे ढकलायची. अनोळखी माणूस भरत आलेल्या मोहिमेत पैसे टाकतो, रिकाम्या मोहिमेत टाकत नाही. पैसा येतो तो पहिल्या आणि शेवटच्या काही दिवसांत. मधले पंधरा दिवस आकडा हलत नाही. त्या दिवसांत टाकायची नवी चित्रं, नवा मजकूर आधीच तयार लागतो.

रंगपट
पुस्तकाचा हिशेब पुस्तकापुरता. नाटकाला तो लागू करू नका. 'उद्दिष्ट पूर्ण नाहीतर पैसे परत' ही पद्धत नाटकाला मारते. नाट्यगृहाची तारीख आधी घ्यावी लागते, अनामत आधी भरावी लागते. नेपथ्याचं लाकूड, लेव्हलचं (रंगमंचावरच्या चौथऱ्यांचं) भाडं, लाइटवाल्याचा आगाऊ, सगळं प्रयोगाआधी. ९५ टक्क्यांवर अडकलात तर सगळे पैसे परत जाणार आणि तारीख डोक्यावर. त्यापेक्षा क्यूआर कोड छापा आणि थेट खात्यात घ्या. शुल्क नाही, मुदत नाही.

आणि पोस्ट लिहिणारा समाजाबद्दल खोटं बोललेला नाही. 'नक्की देतो' म्हणणारे दहा, देणारे तीन. तुमच्या वहीवर माझा विश्वास नाही.

हिशेबनीस
दहातले तीन देतात हे माहीत असेल तर वहीत तिपटीहून जास्त नावं लिहा. वही त्यासाठीच असते.

क्यूआरचं म्हणाल तर बदल्यात काहीच देत नसाल तर ती भेट झाली. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात आलेल्या भेटी ५० हजारांच्या वर गेल्या की फक्त वरची रक्कम नाही, सगळी रक्कम करपात्र होते. तिकीट किंवा पुस्तक देत असाल तर ती विक्री. मग खर्च वजा होतो, पण पावती आणि जमाखर्च ठेवावा लागतो. घरखर्चाच्या खात्यात घेतलेले पैसे वर्षअखेर वेगळे काढता येत नाहीत. फुकटात पडतंय म्हणून हा रस्ता सुचवू नका.

चित्रशाळा
दोघंही पैशातच अडकलात. लोक देतात ते बघून. व्हिडिओ दोन मिनिटांचा, पहिल्या वीस सेकंदांत वस्तू दिसायला हवी. इथल्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या भांडवलासाठी भाषणं दिली नाहीत. वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून मिनिटभराची फिल्म करून दाखवली. आपल्या मोहिमांत काय असतं? खुर्चीत बसलेला दिग्दर्शक आणि 'आमचं स्वप्न'. आवाज मोबाइलचा, मागे पंख्याची घरघर. कॉलर माइक लावा, पंखा बंद करा आणि भित्तिचित्राचा एक चौरस फूट इतक्या जवळून दाखवा की रंगाचे पोपडे दिसतील. पुस्तक घेतील ते त्यासाठी.

पैसे देणाऱ्याला परतभेट म्हणून नुसतं पुस्तकही कोरडं वाटतं. टी-शर्ट, मग, कापडी थैली ठेवा, सरासरी रक्कम वाढते.

जुना छापखाना
टी-शर्ट अजिबात नको, ताई. पाच मापं, प्रत्येक मापाची किमान संख्या, शेवटी एक्सएलचे गठ्ठे पडून. कॉफीचा मग टपालात फुटतो. आणि मोठी अडचण वेगळीच आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, म्हणून नुसती पुस्तकं विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. टी-शर्ट, मग, थैली करपात्र. वस्तूंना ४० लाखांपर्यंत सूट आहे असं सगळे सांगतात, पण ती राज्याच्या आतल्या विक्रीला. बडोद्याहून करपात्र वस्तू पुण्याला विकली की आंतरराज्य विक्री, तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. एका थैलीपायी वर्षभर रिटर्न भरत बसाल. परतभेट सपाट, हलकी आणि पुस्तकाच्याच कुळातली ठेवा: सही केलेली प्रत, पुस्तकात छापलेलं नाव, वाड्यात अभ्यासकाबरोबर एक फेरी.

दुसरं, हे सगळं नवं असल्यासारखं का बोलताय? प्रकाशनपूर्व सवलत मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आगाऊ पैसे, सवलतीत प्रत, तारीख दिलेली. वेबसाइटला १० टक्के देण्यापेक्षा तेच करा. खरा घाव टपालानं घातला. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' सुरू होईपर्यंत वाचकाला स्वस्तात पुस्तक पोचवायचा धड रस्ताच उरला नव्हता. त्यावर कोणी बोलत नाही, सगळे व्हिडिओवर बोलतात.

तिसरं, तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. ट्रायपॉड आणि दिवे लावून, पुस्तकासाठी फोटो काढायची लेखी परवानगी हातात येईपर्यंत मोहीम उघडूच नका.

अलकापुरी
एवढा खल कशाला? बडोद्याचे किती मराठी लोक न्यू जर्सीत, ह्यूस्टनमध्ये आहेत. आठ जणांनी ५००-५०० डॉलर टाकले की झालं काम. आणि वर्गणीचं बघायचं तर आणंद इथून चाळीसेक किलोमीटर. १९७६ च्या 'मंथन'ला ५ लाख दूध उत्पादकांनी २-२ रुपये दिले होते. लोक देतात, मागणारा हवा.

हिशेबनीस
'मंथन'चं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ते ५ लाख लोक सहकारी संघाचे सभासद होते, रोज दूध घालायचे, पैसे त्याच व्यवहारातून जमले. यादी आणि विश्वास आधीपासून होता, सिनेमा नंतर आला.

५०० डॉलरचं मात्र जपून. देणाऱ्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर प्रश्न नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असूनही तो परकीय स्रोत. सांस्कृतिक कामासाठी त्याच्याकडून देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात.

अलकापुरी
काहीतरीच! माझ्या सख्ख्या मामानं पैसे पाठवले तर सरकार विचारणार? अशी भीती घालूनच तुम्ही लोक कामं बंद पाडता. कायदा संस्थांसाठी आहे.

हिशेबनीस
व्यक्तींनाही आहे. नातेवाइकांना सूट आहे, पण या कायद्याच्या व्याख्येत आई-वडील, भाऊ-बहीण असे जवळचेच येतात, मामा येत नाही. मग मामाच्या मित्राचे कसे घेणार?

रंगपट
मामाचा मित्र पुस्तक विकत घेईल! विक्रीला एफसीआरए लागत नाही. हे तुम्ही मुद्दाम लपवलंत.

हिशेबनीस
लपवलं नाही, तिथवर पोचू दिलं नाहीत. वस्तूची रास्त किंमत म्हणून आलेला पैसा परकीय देणगी नाही, बरोबर. पण १२०० च्या पुस्तकाचे ५०० डॉलर घेऊन 'विक्री' म्हणाल तर ती टिकणार नाही. रास्त किमतीला दहा प्रती विका, बडोद्यातल्या घरी पोचवा. परदेशी कार्ड चालण्यासाठी गेटवेकडे वेगळी मंजुरी लागते, ती मोहीम उघडण्याच्या आधी मागा. आणि किकस्टार्टरवर भारतात राहणाऱ्या निर्मात्याला मोहीम उघडता येत नाही, म्हणून पुतण्याच्या नावानं तिकडे उघडायचा विचार कोणी करत असेल तर करू नका. पैसा आणि त्याचा कर पुतण्याच्या डोक्यावर बसतो.

अलकापुरी
म्हणजे मी म्हणालो तेच. तिकडचा पैसा येऊ शकतो.

चित्रशाळा
येऊ शकतो, आठ जणांत काम होणार नाही. आवाज चढवायची गरज नाही कोणालाच.

रंगपट
नाटकाचा मुद्दा सगळ्यांनी बाजूला टाकला. शेवटचं विचारतो, नफ्यात वाटा देतो म्हटलं तर मोठ्या रकमा येतील की नाही?

जुना छापखाना
नाव काढू नका. जाहीरपणे वाटा विकणं म्हणजे शेअरसारख्या रोख्यांची विक्री. कंपनीलासुद्धा खासगीरीत्या वर्षात २०० माणसांपर्यंतच विचारता येतं, तेही जाहिरात न करता. 'पैसे परत करू' म्हणालात तर २०१९ चा अनियंत्रित ठेवींचा कायदा आडवा येतो. तिकीट विका. पहिल्या तीन रांगांचं आगाऊ तिकीट, तालीम बघायला बोलावणं, प्रयोगानंतर कलाकारांबरोबर चहा. हॉलची अनामत पहिल्या वीस घरांतून उभी करा आणि उरलेल्यासाठी मोहीम लावा. तारीख मोहीम संपल्यावर निदान दोन महिन्यांनंतरची घ्या.

रंगपट
दोन महिन्यांनंतरच्या तारखेला 'पूर्ण नाहीतर परत' चालेल, एवढं मान्य. समाजाबद्दलचं मत तेच.

हिशेबनीस
मोहीम कधी लावायची ते कोणीच विचारलं नाही. नवरात्रात नको, नऊ रात्री गाव गरब्यात असतं. मार्चमध्येही नको, पैसे एका आर्थिक वर्षात आणि छपाईचं बिल पुढच्या वर्षात, मग आगाऊ रक्कम वेगळी दाखवत बसावं लागतं. दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांनी फोन सुरू करा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उघडा, उत्तरायणानंतर (संक्रांतीनंतर) आठवड्याभरानं बंद करा. परदेशातले लोक तेव्हा इथेच असतात, त्यांना नमुनाप्रत हातात देता येते. छपाईचं बिल मार्चच्या आत निघतं.

जुना छापखाना
जानेवारीत छापखान्यात डायऱ्या, कॅलेंडरं संपलेली असतात, भाव बरा मिळेल. पण कागद डिसेंबरातच अडवून ठेवा. १३० जीएसएम (कागदाचं वजन) मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, आर्ट पेपरची रिमं ऐनवेळी एका लॉटची मिळत नाहीत, मग पुस्तकाच्या मधल्या फॉर्मचा (एकत्र छापलेल्या पानांच्या गठ्ठ्याचा) पांढरा रंग वेगळा दिसतो.