[मंडळ] तातडीचं: अनुभवाच्या फॉर्मवर सही. सांगलीत आत्ता कोण आहे?

सचिन, फ्रीमाँट:
मंडळी, दिवाळीला गेलेलं अजून सांगलीत कोण आहे? मी इथलं कॉन्ट्रॅक्टरचं लायसन काढतोय. कॅलिफोर्नियाच्या कॉन्ट्रॅक्टर लायसन बोर्डाच्या, म्हणजे सीएसएलबीच्या, अनुभवाच्या फॉर्मवर आमच्या जुन्या मालकांची सही पाहिजे. मालक ईमेल बघत नाहीत, व्हॉट्सॅपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात. ऑफिस गावभागात, जुनंच.
दुसरा घोळ असा. जून २०१३ ते डिसेंबर २०१८ मी साइटवर होतो, साडेपाच वर्षं. पण बोर्ड मागच्या १० वर्षांतलीच ४ वर्षं धरतं. आज ऑक्टोबर २०२५ संपत आला. हातात उरली ३ वर्षं २ महिने, आणि दर महिन्याला एक महिना गळतोय. इथं आल्यावर केलं ते हेल्परचं काम, ते धरत नाहीत.

किरण, ह्यूस्टन:
आमच्याकडं टेक्सासात जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसनच नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसीवाला यांना लागतं. बाकी शहराचं परमिट काढायचं आणि कामाला लागायचं. इकडं ये की राव.

अप्पा, सॅन होजे:
किरण, पोराला सही पाहिजे, तू त्याला ह्यूस्टन दाखवतोयस.
सचिन, तुझी बी.ई. सिव्हिल कधी कामाला येणार? शिक्षणाची जास्तीत जास्त ३ वर्षं सूट मिळते, निदान १ वर्ष तरी हातचं काम लागतं. किती द्यायची ते बोर्ड ठरवतं, पण तुला १० महिनेच कमी पडतायत. विद्यापीठाचं ट्रान्स्क्रिप्ट मागव आणि इथल्या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून तपासून घे. परदेशी मार्कशीट नुसती चालत नाही.
आणि जनरल बिल्डिंगचं 'बी' लायसन कशाला मागतोयस? तू आयुष्यभर स्लॅब टाकलेस. इथलं घर म्हणजे लाकडाचा सांगाडा. तुझ्या अनुभवाला काँक्रीटचं 'सी-८' बसतं. मी २००९ मध्ये 'बी' काढलं ते आधी चार वर्षं फ्रेमिंग करून.

सचिन:
अप्पा, मला लोकांची किचन-बाथरूम करायची आहेत. 'सी-८' घेऊन ड्राइव्हवे ओतत बसू का?

नीलिमा, सनीव्हेल:
मग 'बी-२' बघ. राहत्या घरातली दुरुस्ती, त्यात तीन तरी वेगळे ट्रेड, म्हणजे कारागिरीची कामं, हवेत, पण भार घेणाऱ्या भिंतीला हात लावायचा नाही. आमच्या किचनचं तुम्हाला माहीतच आहे. त्या माणसाने अर्धे पैसे आधी घेतले आणि सिंक काढून ठेवून गेला तो गेलाच. दोन महिने बाथटबमध्ये कुकर घासला मी. नंतर कळलं की घरदुरुस्तीला १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढाच अ‍ॅडव्हान्स घेता येतो.

किरण, ह्यूस्टन:
> दोन महिने बाथटबमध्ये कुकर घासला
वहिनी, पण लायसन नसलेल्याला दिलेले पैसे तुमच्याकडं कोर्टातून परत मागता येतात ना?

नीलिमा:
येतात. आधी माणूस सापडायला हवा.

सेक्रेटरी:
सर्वांना विनंती, फराळाच्या हॉलचा मेल या गोंधळात वर गेला आहे. लायसनची चर्चा वेगळीकडे करावी. तसेच गेल्या वर्षीच्या स्टेजबद्दल कोणी पुन्हा विषय काढू नये.

अप्पा:
स्टेजचा विषय कुणीच काढला नव्हता. लायसनचं मी बघतो, तुम्ही चकल्यांचं बघा.

महेश, फ्रीमाँट:
पण लायसनसाठी २५,००० डॉलर बाँड भरायचा म्हणजे सचिनने कर्ज काढायचं का? एवढे पैसे अडकवून धंदा काय करणार?

अप्पा:
महेश, बाँड म्हणजे डिपॉझिट नव्हे, हमी असते. विम्यासारखा वर्षाचा हप्ता जातो. माझ्या वेळी १२,५०० चा होता, २०१६ ला १५,००० झाला, २०२३ पासून २५,०००. परीक्षा दोन, कायदा-व्यवसायाची आणि ट्रेडची. बोटांचे ठसे वेगळे. आधी सही.

प्रमोद, सध्या सांगली:
जाऊन आलो. मालकांनी चहा आणि भडंग पुढं केलं आणि पहिला प्रश्न, "कुठल्या क्लासचं लायसन? किती लाखापर्यंत?" म्हटलं, आपल्या पीडब्ल्यूडीसारखं रकमेवर नाही, तिकडं कामाच्या जातीवर असतं. "मग मोठं काम कोण करतं?" हे काही मला सांगता आलं नाही.
फॉर्म बघितला, पेन काढलं आणि म्हणाले, "दहा वर्षं लिहितो की, पोरगं आपलंच हाय."

सचिन:
नको! प्रमोददादा, थांबवा त्यांना. दहा वर्षं लिहिली तर त्यातल्या सुरुवातीच्या वर्षांत मी कॉलेजात होतो, तेच ट्रान्स्क्रिप्ट मी पाठवणार आहे. शिवाय सही करून खोटं लिहिलं तर ती खोटी साक्ष धरतात, शिक्षा होते.

महेश:
पाचाची सहा केली तर कोण विचारतंय?

अप्पा:
बोर्ड विचारतं. काही अर्ज उचलून कागद मागतात. सचिन, हजेरी मस्टर आहे का?

प्रमोद:
मस्टर विचारलं. "ते कृष्णामाईनं नेलं," म्हणाले. २०१९ च्या पुरात खालचं कपाट अख्खं गेलं. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पाण्याची रेघ आहे, बाकी ऑफिस रंगवलंय, तेवढी पट्टी ठेवलीय. वरच्या फळीवर एक वही सापडली, स्लॅबच्या तारखा आणि पोत्यांचे हिशेब. दोन ठिकाणी सचिनचं अक्षर आहे. सिमेंट ४० पोती, खाली "खडी ओली, पाणी कमी घातले". चालेल का हे?

अप्पा:
चालेल की नाही ते बोर्ड ठरवेल, फोटो काढून ठेव. सचिन, बँकेचं पासबुक शोध, पगार खात्यात जायचा ना? आणि सही मालकांचीच पाहिजे असं नाही. प्रत्यक्ष काम बघितलेला इंजिनिअर, आर्किटेक्ट, सोबतचा कारागीर, कुणीही चालतो. स्लॅबला सळई तपासायला यायचे ते आर्किटेक्ट आहेत का अजून?

सचिन:
आहेत, विश्रामबागला. मला ओळंबा घेऊन पळवायचे. दादा, जमेल का?

प्रमोद:
उद्या जातो. परवा कोल्हापूरला विद्यापीठातही जाईन, माझं तिकडं काम आहेच. मालकांनी साडेपाच वर्षं लिहून सही केली, जरा नाराजीनंच. भडंग किती किलो आणू ते सगळ्यांनी आत्ताच कळवा, बॅगेत सात किलोची जागा आहे.

सेक्रेटरी:
मंडळासाठी दोन किलो. पावती आणावी.