गावच्या टीव्हीसाठी मदत हवी आहे: छत्री बंद करून फायबरवर लाइव्ह चॅनल घ्यावीत का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा गुहागर तालुक्यात वाडीवर राहतात, मी ठाण्याला. घरावर डीटीएचची छत्री आहे. पावसाची मोठी सर आली की पडदा काळा. छत्री बसवणाऱ्याने तपासून सांगितलं, दिशा बरोबर आहे. या लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात, त्याला इलाज नाही. जून ते सप्टेंबर हे असंच चालतं. आता वाडीत फायबर आलंय, म्हणून सगळं नेटवरच घ्यावं असा विचार आहे.

आईला स्टार प्रवाह आणि झी मराठी हवं. बाबांना मराठी बातम्या, सह्याद्री आणि क्रिकेट.

अडचण पैशांची नाही. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५वर, सह्याद्री प्रसार भारतीच्या वेव्हजवर. प्रत्येक ॲप उघडा, प्रोफाइल निवडा, मग शोधा. आईला आकडा दाबून चॅनल लावायची सवय आहे. बाबा बाहेर गेले तर तिला कुणालाही न विचारता मालिका लावता आली पाहिजे, हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. काय घेऊ?

प्रतिसाद

वेगवेगळी ॲप घेऊच नका. फायबर देणाऱ्या कंपनीचाच टीव्ही बॉक्स मिळतो का विचारा. जिओ, एअरटेल, बीएसएनएल तिघांचीही फायबरवरून टीव्ही द्यायची सोय आहे, पण ती तुमच्या वाडीपर्यंत पोचलीय का हे आधी बघा. चॅनल एकाच यादीत दिसतात, छत्री लागत नाही. पॅक घेण्याआधी आईंची दोन्ही चॅनल त्यात आहेत का, हे नाव घेऊन विचारा. नुसत्या 'इतकी शे चॅनल' या आकड्यावर जाऊ नका. महागडा स्पीडही नको, एका एचडी चॅनलला १० एमबीपीएस पुष्कळ झाले. आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. कोकणात पावसाळ्यात वीज जाणारच.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण छत्री उतरवू नका. सर तासाभरात ओसरते आणि चित्र परत येतं. झाड पडून फायबर तुटली तर माणूस येईपर्यंत टीव्ही बंद, तोही ऐन पावसाळ्यात.

डीटीएचचं रिचार्ज थांबवून त्याच छत्रीवर डीडी फ्री डिश लावून घ्या. उपग्रह वेगळा असल्याने छत्री जीसॅट-१५ कडे फिरवावी लागेल. बॉक्सचे पैसे एकदाच, महिन्याचं भाडं नाही. स्टार प्रवाह आणि झी मराठी त्यावर नाहीत, पण सह्याद्री आहे. शिवाय २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावंच लागतं, त्यामुळे बाबांना भारताचे बरेच सामने तिथे मिळतील. आयपीएल मात्र धरून चालू नका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. तुटलेल्या फायबरचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, तेव्हा छत्री ठेवतेय. आता एवढंच सांगा: कोणाच्या बॉक्सच्या रिमोटवर आकड्यांची बटणं आहेत? आणि बॉक्स सुरू केल्यावर थेट आधीचं चॅनल लागतं, की आधी ॲपची पाटी येते? घरात वयस्कर माणसं वापरत असतील त्यांनी जरूर लिहा, त्यावरच कंपनी ठरवणार आहे.