लिव्हरपूलजवळचे समुद्रातले पुतळे बघायला केव्हा जावं?

गंगापूररोडकरीण: मंडळी, धाकटे दीर लिव्हरपूलला असतात. सप्टेंबरात आम्ही दोघं आणि सासूबाई त्यांच्याकडे जातोय. जाऊबाई म्हणतात, क्रॉस्बी बीचवर अँटनी गोर्मली या ब्रिटिश शिल्पकाराचे शंभर पुतळे आहेत, ते दाखवते. सासूबाईंचं म्हणणं, एकाच माणसाचे शंभर काय बघायचे? त्यांचे गुडघे दुखतात, वाळूत चालवत नाही. पुतळे भरतीत बुडतात म्हणे, मग जायचं केव्हा? (पुतळे नागडे आहेत, त्याची काळजी नाही. त्र्यंबकला कुंभात नागा साधू बघून झालेत.)

सातपूरवाला: लिव्हरपूल सेंट्रलहून साउथपोर्टची लोकल धरा, वीसेक मिनिटांत ब्लंडेलसँड्स अँड क्रॉस्बी. पुढे थोडं चालणं आहे, आजींसाठी टॅक्सी बरी. पुतळे बघायला तिकीट नाही.

ओतारीकाका: माझी सगळी नोकरी अंबडच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात झाली, त्यामुळे लेकीकडे गेलो तेव्हा हट्टाने तिथे गेलो.

सासूबाईंना सांगा, सगळे सारखे नाहीत. गोर्मलीने स्वतःच्याच अंगावरून 17 साचे घेतले आणि त्यातून हे बिडाचे पुतळे ओतले. एकेक 650 किलोचा, 189 सेंटिमीटर उंच. किनाऱ्याने तीन किलोमीटर आणि आत जवळजवळ एक किलोमीटर पसरलेत. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. आमची ही म्हणाली, "एवढे रुसलेत कशाला?"

माझी नजर आधी गेली ती अंगावरच्या खुंटांवर. ओतताना धातू आत जातो तिथले गेट, न कापता तसेच ठेवलेत! आमच्याकडे असा माल गेला असता तर गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी परत धाडला असता. इथे मात्र शोभतात, काय सांगू. वरच्या बाजूचे गंजून तांबूस झालेत, खालच्यांवर बार्नकल या कवचवाल्या समुद्री जिवांचा खरखरीत थर. बोटीच्या तळाला धरतो तोच.

बघायचं ते पाणी चढताना. लांबचे आधी गुडघाभर, मग छातीभर, मग नुसती डोकी, मग तीही नाहीत. पण लांबच्या पुतळ्यांपर्यंत चालत जाऊ नका. चिखलात पाय रुततो आणि पाणी मागून वेढतं. तशा पाट्याही आहेत. जवळचे पुतळे किनाऱ्यावरच्या फरसबंद रस्त्यावरूनही दिसतात, सासूबाईंना तेवढं पुष्कळ.

इगतपुरीकर: थोडी भर. हे पुतळे आधी 1997 मध्ये जर्मनीत कुक्सहाफेनला होते, मग नॉर्वे, बेल्जियम. क्रॉस्बीला 2005 मध्ये आले, तेही तात्पुरते. पुढे न्यूयॉर्कला जायचे होते. कायम ठेवायला काहींचा विरोध होता, शेवटी 2007 मध्ये मंजुरी मिळाली.

आणि गोर्मली तरुणपणी, 1971 ते 74, भारत-श्रीलंकेत होता. गोएंका गुरुजींकडे विपश्यना शिकला. आपलं इगतपुरीचं विपश्यना केंद्र, धम्मगिरी, त्यानंतरचं, 1976 चं. हात सोडून नुसते उभे असलेले ते पुतळे बघताना मला तरी शिबिरच आठवतं.

गंगापूररोडकरीण: सासूबाई धम्मगिरीला बसून आल्यात, हे वाचल्यावर लगेच तयार झाल्या! काका, भरतीच्या तक्त्यात वेळेपुढे मीटर लिहिलेत, ते काय?

ओतारीकाका: पाण्याची उंची. आकडा नऊच्या पुढे असेल तो दिवस धरा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत तशी भरती येते, म्हणजे दिवस कालनिर्णयावरूनही काढता येईल. लिव्हरपूलला ही मोठी भरती दुपारी बारा-एकच्या आसपास असते. साडेनऊला किनाऱ्यावर पोचा. तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, तक्त्यात ती उन्हाळी वेळ धरली आहे का तेवढं बघा, नाहीतर तासाचा फरक पडेल. आणि कानटोपी न्या, सप्टेंबर असला तरी वारा झोंबतो.