औषधांचे १४ खोके जमलेत, मणिपूरच्या छावण्यांत पाठवायचे कसे?

लालबागकर_सॅमी

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणारे, सांभाळून घ्या.

आमच्या मंडळातल्या एका पोराच्या ऑफिसात मणिपूरची मुलगी आहे, कलिन्याला राहते. मे २०२३ मध्ये तिकडे मैतेई आणि कुकी समाजांत हिंसाचार सुरू झाला, तेव्हा तिच्या घरचे गाव सोडून पळाले ते अजून चुराचांदपूरच्या छावणीतच आहेत. वडिलांना शुगर आहे, गोळ्या कधी मिळतात कधी नाही असं ती बोलता बोलता म्हणाली आणि झालं, आमच्या पोराने ते ग्रुपवर टाकलं, ग्रुपवरून ते बाकीच्या मंडळांच्या ग्रुपवर गेलं, आणि तीन आठवड्यांत आमच्याकडे औषधांचे १४ खोके जमा. चाळीतल्या लोकांनी घरातली उरलेली दिली, दोन-तीन डॉक्टरांनी सॅम्पल दिली, एका बाईंनी तर सासऱ्यांचं अख्खं कपाट रिकामं करून दिलं (सासरे गेले गेल्या वर्षी). आता मंडळाच्या खोलीत कॅरम ठेवायला जागा नाही.

प्रॉब्लेम असा की पुढे काय ते कोणालाच माहीत नाही. कुरियरवाला सिरप घेणार नाही म्हणतो. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो गुवाहाटीपर्यंत नेतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. कोण म्हणतं इंफाळला पाठवा तिथून वाटतील, ती मुलगी म्हणते इंफाळला पाठवलं तर आमच्याकडे येणारच नाही. अशा ठिकाणी कोणीतरी एक मुख्य माणूस असेल ना, ज्याला फोन केला की तो सांगेल काय पाठवा, कुठे पाठवा? तो कोण असतो? कलेक्टर? आर्मी? रेड क्रॉस? कोणी हे काम केलंय का?

गिरगावचा_केमिस्ट

दादा, राग मानू नका. पाठवायचं राहू द्या, आधी एक खोका उघडून जमिनीवर पसरा आणि इथे लिहा काय निघालं ते.

मी न बघता सांगतो. कात्रीने कापलेल्या पट्ट्या, ज्यात एक्सपायरी छापलेला तुकडा आधीच्या माणसाने गोळीबरोबर फेकून दिलाय. अर्धी वापरलेली कफ सिरपची बाटली, झाकणाला मुंग्या. अ‍ॅन्टिबायोटिकच्या चार गोळ्या, कोर्स सातचा. सॅम्पलमध्ये बीपीची दोन-दोन औषधं एकत्र केलेली महागडी गोळी, पाकिटात तीनच, तीन दिवसांनी त्या माणसाने काय करायचं?

हे मी मनचं सांगत नाहीये. बोस्नियाच्या युद्धात १९९२ ते १९९६ मध्ये बाहेरच्या देशांनी इतकी औषधं पाठवली की त्यातली सुमारे १७ हजार टन बिनकामाची ठरली असा अंदाज नंतर छापून आला, आणि ती नुसती नष्ट करायला ३ कोटी ४० लाख डॉलर लागतील असा हिशोब होता. युद्धात होरपळलेल्या लोकांच्या गोदामात जगभरचा औषधी कचरा. त्यानंतर १९९६ ला डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, औषधदानाचे नियम काढले, त्यात साफ लिहिलंय की पेशंटने परत केलेली आणि डॉक्टरांची सॅम्पल द्यायची नाहीत, पोचल्यावर किमान वर्षभर एक्सपायरी शिल्लक पाहिजे, आणि समोरच्याने मागितलं असेल तेवढंच पाठवायचं. शेवटचं महत्त्वाचं. तुमच्याकडे कोणी मागितलंय का?

चाळकरी_७२

आलेच का पाय खेचायला. पोरं काहीतरी करतायत तर कौतुक करायचं सोडून नियम कसले सांगता. ९३ ला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आम्ही दादरहून टेम्पो भरून गेलो होतो, कोणाला विचारत बसलो नव्हतो. माणूस मरत असताना फॉर्म भरत बसायचं का? आणि तिकडे मारामारी कोणी सुरू केली तेही जरा बोला की.

गिरगावचा_केमिस्ट

काका, किल्लारीला मीही होतो, तेव्हा कॉलेजात होतो. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडलेले आठवतात का तुम्हाला? मला आठवतात. त्यात माझ्या आईने दिलेल्या साड्याही असतील.

कोणी सुरू केलं हा विषय इथे नको, प्लीज.

वैजू_सिस्टर

सॅमी दादा, हा धागा मला आमच्या सुनेने पाठवला. मी सायनला राहते, नर्सिंगमध्ये ३४ वर्षं झाली. २०१७ च्या शेवटी एका परदेशी संस्थेतर्फे बांगलादेशात कॉक्स बाजारला गेले होते, सात महिने म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावणीत. मोबाईलवर लिहितेय, चुका समजून घ्या.

तुम्ही विचारलंत मुख्य माणूस कोण. हा प्रश्न बरोबर आहे, बाकी खोक्यांचं नंतर बघू. जगात जिथे सरकार एकट्याने पेलू शकत नाही तिथे २००५ पासून एक पद्धत आहे, प्रत्येक विषयाला एक संस्था पुढे, आरोग्याला डब्ल्यूएचओ, आणि त्यांनी सगळ्या संस्थांना सरकारच्या आरोग्य खात्याबरोबर एका टेबलावर बसवायचं. निर्वासित देशाची हद्द ओलांडून आले असतील तर तिथे युएनची निर्वासितांची संस्था, म्हणजे युएनएचसीआर, पुढे असते. आमच्याकडे त्यावरूनही थोडी ओढाताण होती, ते सोडा. ते टेबल म्हणजे प्रत्यक्षात काय, तर एक मोठा एक्सेल तक्ता. कोण, काय, कुठे, कधीपासून. बस. मला पहिल्यांदा वाटलं हे कसले कारकुनी धंदे, इथे माणसं मरतायत. दोन आठवड्यांत डोळे उघडले.

२५ ऑगस्ट २०१७ नंतर थोड्याच महिन्यांत ७ लाखांवर माणूस म्यानमारमधून आला, चिखलाच्या टेकड्यांवर बांबू-प्लास्टिकच्या झोपड्या. आणि दवाखाने कुठे, तर गाडी जाते तिथे, मेन रोडला लागून. शंभर पावलांवर दुसऱ्या संस्थेचा बोर्ड. आत टेकडीपलीकडे तासभर चालत गेलं तरी काही नाही, गरोदर बाईला खुर्चीला बांबू बांधून दोघं उचलून आणायचे. तक्ता भरल्यावर दिसलं की रस्त्याकडेला गर्दी आणि आत मोकळं मैदान. मग एकेकाला सांगायचं, तुम्ही आत सरका. कोणाला आवडत नव्हतं, बोर्ड दिसत नाही ना आत.

आणि डिसेंबरात घटसर्प, म्हणजे डिप्थीरिया. मी नर्सिंग शिकताना पुस्तकात वाचलेला, मुंबईत अख्ख्या नोकरीत दोन-चार पेशंट पाहिले असतील, तिथे रोज नवे. घशात पांढरट पडदा, मान सुजलेली. त्याचं विष उतरवणारं जे अँटिटॉक्सिन असतं त्याची तेव्हा जगभरच टंचाई होती, म्हणजे ते प्रत्येक दवाखान्याने आपापल्या फ्रीजमध्ये ठेवून भागणार नव्हतं. काहीच ठिकाणी ठेवायचं, बाकीच्यांनी संशय आला की पेशंट तिकडेच पाठवायचा, आणि त्याच्या झोपडीच्या आजूबाजूच्यांना अ‍ॅन्टिबायोटिक द्यायला दुसरी टीम त्याच दिवशी गेली पाहिजे. आता यात एका दवाखान्याने आपला आकडा संध्याकाळी कळवायचा ऐवजी दोन दिवसांनी कळवला तर? एक गोवराची केस दिसली तर तेवढ्यावर धावायचं असतं, दहाची वाट बघायची नसते. म्हणून तो तक्ता आणि तो रोजचा आकडा.

मणिपूरचं वेगळं आहे. माणसं आपल्याच देशात विस्थापित, त्यामुळे जबाबदारी सरळ सरकारची, युएनचं टेबल वगैरे तिथे नाही. सुरुवातीला साठ हजारांच्या आसपास माणूस, तीनशेच्या वर छावण्या, शाळा कॉलेज हॉल जिथे जमेल तिथे. त्या त्या जिल्ह्याचा चीफ मेडिकल ऑफिसर (सीएमओ) असतो, कोणती छावणी कुठल्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, जोडलीय ते त्याच्या ऑफिसला माहीत असतं. तुमचा मुख्य माणूस तो, कलेक्टर किंवा आर्मी नाही. आणि ती मुलगी बरोबर सांगतेय, मैतेईंचं इंफाळ आणि कुकींचं चुराचांदपूर नकाशावर साठेक किलोमीटर, पण मध्ये बफर झोन, म्हणजे दोघांना वेगळं ठेवायला सुरक्षा दलांनी अडवलेला पट्टा, इकडचा माणूस तिकडे जात नाही. राज्यातली मोठी हॉस्पिटलं इंफाळला. आधी डोंगरातला पेशंट तिथेच जायचा, आता तो गंभीर झाला की मिझोरामला ऐझॉलकडे निघतो, डोंगरातला लांबचा रस्ता. म्हणजे गोळी आहे का हा अर्धाच प्रश्न, पेशंट कुठे पाठवायचा, कोणत्या रस्त्याने, आणि त्याच्याबरोबर कागद कोणता हा उरलेला अर्धा.

जास्त झालं लिहून. खोके पाठवू नका एवढं नक्की.

देवनार_ते_परळ

वैजूताई, कागदाचं तुम्ही बोललात म्हणून लिहायला बसले. मी मेडिकल सोशल वर्कर, परळला. हॉस्पिटलचं नाव नको.

कॅन्सरसाठी ईशान्येकडून पेशंट आमच्याकडे कायम येतात. २०२३ नंतर असे यायला लागले की ज्यांच्या हातात फाईलच नाही. घर जळलं, त्यात फाईल जळली. एका आजोबांचं ऑपरेशन आधी झालेलं, बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे तपासणीचा तुकडा मेणात जपून ठेवतात तो, ज्या हॉस्पिटलात होता ते नेमकं बफर झोनच्या पलीकडे. ब्लॉक मिळाला नाही तर इथे पुन्हा तपासणी, पुन्हा पैसे, आणि तीन आठवडे धर्मशाळेत. फोनवर तिकडच्या लॅबवाल्याने एका शब्दाने नाही म्हटलं नाही हं, त्याने ब्लॉक काढून पॅक करून ठेवला, पण आणणार कोण? शेवटी एक ड्रायव्हर मिळाला जो दोन्हीपैकी कुठल्याच समाजाचा नव्हता, त्यामुळे त्याला दोन्ही बाजूंच्या नाक्यांवरून सोडत होते, तो भाजीच्या गाडीतून ती डबी घेऊन आला. कॅन्सरच्या ट्रीटमेंटची अख्खी साखळी त्या माणसाच्या भाजीच्या गाडीवर लटकलेली. मला त्याचं नावही माहीत नाही.

टीबीचं त्यातल्या त्यात बरं आहे, निक्षय या टीबीच्या सरकारी नोंदणीचा आयडी असला की पेशंट देशात कुठेही गेला तरी नाव ट्रान्सफर होतं. पण शुगर, बीपी, फिट्स, डायलिसिस यांचं आमच्याकडे येतात त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा पेशंटच्या खिशात जे असेल ते. म्हणून आम्ही आता सगळ्यांना सांगतो, फाईलच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन नातेवाईकांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा.

चाळकरी_७२

भाजीच्या गाडीचं वाचून गप्प बसलो. पण मग आपण काय करायचं ताई? काहीच नाही?

वैजू_सिस्टर

काहीच नाही असं कुठे म्हटलं काका. १९७१ ला बांगलादेशातून कोटीभर निर्वासित आले, बंगालमधल्या सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत कॉलरा, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी काय केलं, २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा, लिटरभर पाण्याला. कलकत्त्यात पाकिटं भरली, पेशंटच्या आईबापाच्या हातात पेले दिले आणि पाजत राहायला सांगितलं. शंभरात तीस मरत होते ते चारच्या खाली आले. महाग औषध नव्हतंच काही त्यात, नेमकं काय कमी पडतंय ते त्यांनी बघितलं. तुम्हीही विचारा. त्या मुलीकडून छावणीत जाणाऱ्या नर्सचा नंबर घ्या, सीएमओ ऑफिसला कानावर घाला, आणि काय कमी पडतं एवढंच विचारा. औषध म्हणाल्या तर तिथल्या तिथे, जेनेरिक, त्यांच्याच यादीतलं, बिलावर घ्या. पैसे पाठवायला कमीपणा वाटतो लोकांना, का कोण जाणे.

लालबागकर_सॅमी

अपडेट. रविवारी केमिस्ट काका स्वतः आले होते लालबागला, चष्मा लावून चार तास बसले, येताना चिवडा गल्लीतून चिवडा घेऊन आले वर. १४ खोक्यांतून एक्सपायरी शिल्लक असलेल्या पूर्ण न कापलेल्या पट्ट्या निघाल्या एक खोका आणि वर थोड्या. बाकी सगळं बाद. त्या बाईंच्या सासऱ्यांच्या कपाटातलं इन्सुलिन पण निघालं, तीन आठवडे आमच्या पत्र्याच्या खोलीत, मे महिना. मी ते पाठवलं असतं, खरं सांगतो. बाद माल कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही म्हणाले, पिवळ्या पिशवीतून हॉस्पिटलच्या कचऱ्यासारखा जाळायला जातो, ते काकाच बघतायत. बरा खोकाही तिकडे पाठवत नाहीये.

नर्सशी बोलणं झालं. ती मुलगी मध्ये बसली भाषेसाठी. त्या सिस्टर तीन छावण्या बघतात, हसत होत्या आधी, म्हणाल्या गोळ्या तशा येतात, शुगर मोजायच्या मशीनच्या पट्ट्या येत नाहीत, त्यामुळे गोळी वाढवायची की कमी करायची ते अंदाजाने चाललंय. बीपी मशीनचा पट्टा फाटलाय. आणि रजिस्टर नाही. वहीच्या सुट्या पानांवर लिहितात, पावसात ओली होतात, मागच्या महिन्यात कोणाला काय दिलं ते सापडत नाही. जाड पुठ्ठ्याची रजिस्टरं आणि प्रत्येक माणसाला खिशात ठेवायला एक प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड, एवढं मागितलंय. मशीनचं मॉडेल फोटोसकट पाठवलंय त्यांनी, पट्ट्या त्याच कंपनीच्या लागतात, दुसऱ्या चालत नाहीत हे मला माहीतच नव्हतं. सीएमओ ऑफिसला मेल टाकलाय, उत्तर नाही अजून, सोमवारी फोन करतो.

वर्गणीतले उरलेले पैसे आहेत. २०० पानी रजिस्टरं ६० आणि कार्डाची प्लास्टिक पाकिटं दीड हजार, होलसेलला कुठे मिळतील?

गिरगावचा_केमिस्ट

अब्दुल रेहमान स्ट्रीट. क्रॉफर्ड मार्केटकडून आत शिरायचं, शनिवारी जाऊ नको, गर्दी असते. पट्ट्या मी प्रिन्सेस स्ट्रीटहून घेतो, एक्सपायरी बघून. कार्डावर काय छापायचं ते वैजूताईंना विचार आधी, आणि पेशंटचा समाज लिहायचा कॉलम ठेवू नकोस.

वैजू_सिस्टर

गाव पण नको. नाव, वय, आजार, गोळी, किती, कधी, ऍलर्जी, आणि नातेवाईकाचा नंबर. इंग्रजीत आणि त्यांच्या भाषेत. अक्षरं मोठी ठेवा, संध्याकाळी लाईट नसते.